चादरीचं दुसरं टोक

चादरीची घडी एकटीनं होत नाही. हॉटेलची भली मोठी चादर. एकीनं इकडची दोन टोकं धरायची, दुसरीनं तिकडची. झटकायचं, ताणायचं, मग चालत चालत एकमेकींकडं यायचं. बोटांना बोटं भेटली की झाली घडी. त्या लाँड्रीत माईनं अर्धं आयुष्य असं चालत येण्यात घालवलं होतं.

समोर असायची भिंगरी. सीमेपलीकडून कामाच्या परवान्यावर आलेली पोरगी. पायाला स्वस्थता नाही म्हणून नाव माईनंच ठेवलेलं, काम माईनंच शिकवलेलं. घडी घालताना गुणगुणायची आपली ओवीसुद्धा तिनं पोरीला दिली:

कडेला गं कड, कोपऱ्याला कोपरा
तुझ्यामाझ्या मधी भरे पांढरा वारा

आणि पोरीनं ती माईपेक्षा गोड म्हटली! इस्त्रीवाल्या बायका म्हणू लागल्या, "भिंगरे, म्हण की गं तुझी ओवी." तुझी! माईच्या पोटात निखारा पडला.

पुढं घडीच्या टेबलाची मुकादमी रिकामी झाली, तीही मालकानं भिंगरीला दिली. त्या दिवसापासून माई शेवटच्या पावलाला टोकं तिच्या हातात टाकून मागं सरे. बोटाला बोट लागू देत नसे.

नवरा म्हणाला, "अगं, ती काय तुझ्या ताटातलं खाते?"

"ताटातलं कुठलं, ताटच उचलून नेलंय मेलीनं!"

तशात सरकारचा नवा नियम आला. बाहेरच्यांचे परवाने वाढवायचे नाहीत. इथली कामं इथल्यांना, आणि पगारही चढतील म्हणे. माईला वाटलं, देवाला डोळे आहेत.

जायच्या दिवशी भिंगरी टेबलाशी थबकली. "येते, माई."

"येते कसलं? जाते म्हण."

पोरगी हसली, पण हसू ओठांच्या कडेलाच अडकलं.

तिच्यामागं धुलाईच्या मशिनींवरचे गडीही गेले, तेही परवान्यावरचेच. मालकानं दारावर 'माणसं पाहिजेत' अशी पाटी लावली. इथली माणसं आली, वाफ अंगावर घेतली, आणि जेवायच्या सुट्टीत गेली ती गेलीच. हॉटेलांत खोल्या झाडायलाही कुणी उरलं नव्हतं. हॉटेलवाल्यांनी मजलेच्या मजले बंद केले. खोल्या बंद, तर चादरी कुठल्या? निम्म्या मशिनी मुक्या झाल्या.

"माई, टेबल आता तुमचं," मालक म्हणाला.

"आणि पगार?"

"चढवला असता हो. पण कामच आठवड्यातनं तीन दिवसांचं उरलंय."

"बरं, माझ्या समोर कोण?"

"तेच तर शोधतोय. तोवर घ्या भागवून."

माईनं भागवलं. दोन टोकं दाराच्या कडीला बांधली, झटकलं, ताणलं, निघाली चालत. कडीनं टोकं धरली खरी, पण कडी काही समोरून चालत येईना. सगळी वाट एकटीनंच चालायची. मधेच चादर लोंबली, फरशीला लागली, पुन्हा धुण्यात गेली. मुकादमीणबाईंची पहिली घडी!

"माई, ओवी तरी म्हणा," इस्त्रीवाली म्हणाली.

पहिली ओळ आली. दुसरीशी माई अडली. सीमेपलीकडं, कुठल्याशा टेबलाशी, भिंगरी आत्ता हीच ओवी म्हणत असेल. तिच्या समोरून कुणीतरी चालत येत असेल, बोटाला बोट लावत असेल.

तोच जुना निखारा पुन्हा पोटात पडला. पण या खेपेला मुकादमीसाठी नव्हे.

"कोण असेल गं ती मेली," माई पुटपुटली, आणि कडीची गाठ सोडू लागली.