खोर नाई, नादार

बाबारावांनी पेन उचललं आणि परत टेबलावर ठेवून दिलं. वर्ध्याच्या कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या सुलोचनाबाईंचं ते टेबल.

"याच्यात दिवाळखोर लिवलं हाय," ते म्हणाले. "मी सही करत नाई."

आता घ्या! देवळीत तीस वर्षं या माणसाचं बिछायत केंद्र. अर्ध्या तालुक्याच्या लग्नांना मांडव आणि दिव्यांच्या माळा यांच्याच. गोदामाला आग लागली आणि बसायला सतरंजीसुद्धा उरली नाही. अर्ज दिला तरच तगादे थांबायचे, नव्यानं धंदा मांडायला वाट मिळायची. आणि हे महाराज एका शब्दाशी भांडत बसलेले.

"काऊन नाई?" बाईंनी चष्मा वर सरकवला.

"लाचखोर, हरामखोर, भांडखोर. ज्याले खोड हाय त्याले खोर लावतेत. मी कोणाचं खाल्लं? माह्यं तं जळलं."

बाईंनी तो शब्द खोडला. "नादार लिवते. फारशी शब्द हाय. दुकानदार म्हंजे ज्याच्याजवळ दुकान हाय तो. नादार म्हंजे ज्याच्याजवळ काईच नाई तो. त्यात गुन्हा नाई."

बाबारावांनी पेन पुन्हा हातात घेतलं. बाई पुढं म्हणाल्या,

"अन दिवाळं बी शिवी नाई. जुने लोक सांगतेत, व्यापारी बुडाला का भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे. लोकं समजून जात, हा पळाला नाई. दिवसा दिवे लावाचा तं तुमचाच धंदा, भाऊ."

बाबाराव हसले, आगीनंतर पहिल्यांदाच. सही झाली.

पण खरी परीक्षा देवळीतच होती. महादेवराव कापडवाल्यांचे झालरीच्या कापडाचे सव्वा लाख थकले होते आणि सहा महिने बाबाराव त्यांचं दुकान चुकवून मागच्या गल्लीनं जात होते. आज एसटीतून उतरून ते सरळ बाजारातून निघाले. दुकानाच्या पायरीवर उभं राहून, गिऱ्हाइकांदेखत ते बोलले.

"महादेवराव, मी नादार झालो. कोर्टात अर्ज देऊन आलो. तुमचे पैसे आज माह्याजवळ नाई."

म्हाताऱ्यानं कात्री खाली ठेवली.

"सहा महिने तुही वाट पाहून राह्यलो," तो म्हणाला. "मले वाटलं, पैशापायी माणूस बी गेला."

त्यानं बाबारावांना आत बोलावून बसवलं.

"पुढच्या महिन्यात नातीचं लग्न हाय. सामान भाड्यानं आण, पण मांडव तूच टाकजो. मजुरी नगदी देईन."

"उधारीत वळती करा."

"उधारीचं कोर्ट पाहीन. मजुरी मजुरी असते."

बाबारावांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"अंगण किती फुटाचं हाय?"