जाळीखालची जलपर्णी

बाळासाहेब मेथी निवडत बसले होते, पण ध्यान सगळं टेबलाकडं. टेबलावर लेकीचा लॅपटॉप आन लॅपटॉपात चार गोरे साहेब.

दोन महिन्यांसाठी म्हणून म्हातारा साताऱ्याकडनं हॉलंडातल्या कापेलला लेकीकडं, निशिगंधाकडं आला. करोनानं विमानं बंद पाडली आन पाचवा महिना लागला. उभी हयात त्यांनी डोंगरातल्या पाण्यावरच्या वीजघरात मशीन चालवलेली. निशिगंधाची रॉटरडॅमची कंपनी आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या वीजघरांना सल्ला द्यायची. म्हंजे वर इस्त्रीचा सदरा, खाली अर्धी चड्डी घालून घरातनंच द्यायची.

त्या दिवशी मलावीतला ऑपरेटर चिसोमो बोलत होता. नदीवरचं त्याचं मशीन थरथरत होतं, म्हणून कंपनीनं ते बंद ठेवायला लावलेलं. गावच्या दवाखान्यात अकरा पेशंट ऑक्सिजनवर. जनरेटरचं डिझेल उद्या सांजपातूर पुरणार. मार्टाइन नावाचा मोठा साहेब म्हणाला, मशीनचं पाण्यातलं चाक बदलावं लागेल, विमानं सुरू झाली की आमचा तज्ज्ञ येईल.

"तवर काय फुंकर मारायची का पेशंटच्या नाकात?" कामापुरतं इंग्रजी समजणारे बाळासाहेब पुटपुटले.

"आबा, प्लीज. मीटिंग चालू आहे," निशिगंधानं माइक बंद करत दटावलं.

तेवढ्यात चिसोमोनं फोनवर भरून ठेवलेला मशीनचा आवाज लावला. कढईत खडे घोळावेत तसा कडकडाट. म्हाताऱ्याच्या हातातली मेथी खाली पडली.

"निशे, त्येला इचार. मशीन चालू आसताना कचरा आडवायच्या जाळीच्या दोनी बाजूला पानी किती आसतंय?"

"मी असं मधेच कसं विचारू?"

"त्यो मानूस रडकुंडीला आलाय आन तुला रीतभात सुचतीया."

तिनं विचारलं. चिसोमो म्हणाला, जाळीच्या अलीकडं काठोकाठ, पलीकडं पुरुषभर खाली.

"जाळी चोंदलीया," बाळासाहेब म्हणाले. "मशीनला पानीच मिळंना, म्हून वरडतंय. चाकाला काय धाड भरलीया?"

निशिगंधानं ते इंग्रजीत सांगितलं. पण वरची जलपर्णी तर रोज काढतो, असं चिसोमोचं म्हणणं पडलं.

"वरची काढतोय. तळाला कुजल्याल्या मुळ्यांचा गच्च थर आसंल. गेट खाली सोडून मशीनकडचं पानी बंद करा, कमरंला दोर बांधा आन आत उतरा."

मार्टाइननं भुवया चढवल्या. हे गृहस्थ कोण, पात्रता काय, आणि अशी पद्धत आपल्या मॅन्युअलमध्ये आहे का?

"त्यानं कंदी जाळी बगितलीया का, ते इचार," म्हातारा म्हणाला.

निशिगंधानं ते विचारलं नाही. पण सरळ चिसोमोला म्हणाली, "हे माझे वडील आहेत. एकतीस वर्षं मशीनवर होते. तुझ्या जागी मी त्यांचं ऐकलं असतं."

चिसोमोनंही ऐकलं. नदीत मगरी होत्या. काठावर दोघं बंदूक घेऊन राहिले, सहा गडी दोर बांधून पाण्यात उतरले आन विळ्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुळ्या कापत राहिले. डिझेल संपायच्या आधी मशीन फिरलं. चिसोमोनं आवाज पाठवला. म्हाताऱ्यानं तो डोळे मिटून तीनदा ऐकला आन म्हणाला, "आता गुमान चाललंय."

पंधरवड्यानं कंपनीचा रिपोर्ट आला, चाळीस पानांचा. मार्टाइनच्या नेतृत्वाखाली 'ध्वनीवरून दूरस्थ निदान' झालं, असं त्यात लिहिलेलं. खाली आभारात बाळासाहेबांचं नाव. निशिगंधा कौतुकानं ते वाचून दाखवाया लागली.

"पान्यात उतरल्याली सा मानसं कुटं हायती?"

तिनं पानं खालीवर केली. "नाहीत, आबा."

"मगर काय ह्या साहेबाच्या टेबलाखाली हुती व्हय? माजं नाव खोड त्यातनं."

म्हातारा उठून भांडी घासाया गेला. निशिगंधानं आभाराचं पान पुन्हा उघडलं. मग तिनं चिसोमोला फोन लावला आन म्हणाली, त्या सहाजणांची नावं सांग, सावकाश, स्पेलिंगसकट.