जानरावाच्या वावरातलं धन

मैनाबाईला एकच खोड होती, 'काहून?' विचारायची. वलगावात नांदायला आल्यापासून बायाबापड्या तिला सांगत आल्या होत्या, की बाईमाणसानं इतकं विचारू नये. त्यावरही ती विचारायची, काहून?

त्या साली तिचं काहून पऱ्हाटीपाशी, कापसाच्या झाडापाशी, अडलं. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी सीतादहीची पूजा करायला, झाडाला दहीभात वाहायला ती वावरात गेली. पूजेला जोमदार झाड हवं म्हणून शोधत हिंडली आणि मधोमध थबकली. तिथं खळ्याएवढ्या गोलात पऱ्हाटी छातीला लागत होती, बोंडांनी वाकली होती. गोलाबाहेर सगळी गुडघ्याएवढी, पिवळी, खंगलेली. बी एक, पाऊस एक, राबणारे हातही तेच. मग असं काहून?

साता समुद्रापार गोऱ्यांची आपसात जुंपली होती, तिकडचा कापूस यायचा थांबला होता आणि इकडे अमरावतीच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला होता. मैनाबाईच्या नवऱ्यानं, जानरावानं, ज्वारी सोडली, तूर सोडली आणि चार वर्षं कापसावर कापूस घेतला. "आपली काळी जमीन, तिले काय कमी?" हे त्याचं पालुपद. ज्वारी नाही म्हणून कडबा नाही, आणि कडबा नाही म्हणून ढवळी नि मोरी या दोन्ही गाई विकायच्या ठरल्या होत्या. दलाल उद्या यायचा होता. ढवळीला मैनाबाईनं वासरू असल्यापासून वाढवलेलं. तिला घास गोड लागत नव्हता.

तिनं त्या गोलाचं सांगितलं, तसे जानरावाचे डोळे लकाकले. "कोणाले बोलू नको. खाली धन हाये."

पुरलेल्या धनावर पीक माजतं, असं जुनी माणसं म्हणायची. अमावास्येपर्यंत थांबायचा रिवाज. पण जानरावाला दम कुठला? भर दुपारी, गाव जेवून आडवं झाल्यावर त्यानं कुदळ चालवली. भरली बोंडं मातीत गेली तेव्हा मैनाबाईचा जीव कळवळला. पण हात स्वस्थ बसेनात. तिनं खड्ड्यातली माती मुठीत घेतली. कुस्करलेल्या भाकरीसारखी मोकळी, आणि तीत गांडुळं वळवळत होती. गोलाबाहेरचं ढेकूळ आणलं, ते फुटता फुटेना.

तेवढ्यात कुदळ लाकडावर आपटली.

"पेटी!" जानराव गुडघ्यांवर बसला आणि हातांनी उकरू लागला. निघालं ते कुजलेल्या खांबाचं बूड.

मैनाबाईनं ते ओळखलं. "हा तं मामाजीचा तिवडा होये."

खळ्याच्या मधोमध रोवायचा खांब तो. त्याच्याभोवती बैल फिरवून सासरा ज्वारीची मळणी करी. दरसाल खळं त्याच जागी. नवी नवरी असताना तिनंच ते शेणानं सारवलं होतं. ज्वारी गेली, खळं मोडलं, नांगर फिरला, बांधापासून बांधापर्यंत पऱ्हाटी उभी राहिली आणि दोघंही जागा विसरली.

"बैलाईचं शेण, मूत, सडलेलं भूस-कुटार, सारं इथंच जिरलं," ती म्हणाली. "बाकीच्या वावरात आपण काय घातलं? शेणाच्या गवऱ्या चुलीत, पऱ्हाट्या उपटून चुलीत."

"पण माती तं दोन्हीकडं काळीच हाये."

"काळी असली म्हून तिले खायले नको?"

जानराव खड्ड्याच्या काठावर बसला. गोलाबाहेरचं ते ढेकूळ त्यानं दोन्ही हातांनी दाबून पाहिलं.

सकाळी दलाल नत्थुजी दावी घेऊन आला. खड्डा कोणीतरी पाहिला होता आणि डोंगर पोखरून तिवडा काढला म्हणून रातोरात गावभर हसं झालं होतं, ते त्याच्याही कानावर गेलं होतं.

"गाई इकाच्या नाईत," जानराव म्हणाला.

"अन् चारतं काय त्याईले?"

"औंदा कडबा इकत घेतो. मिरगात अर्ध्या वावरात जवारी."

"कापसाले असा भाव अन् तू जवारी पेरतं? येडा झाला काय गा?" नत्थुजी हसला. "का धन सापडलं खरंच?"

"होतं ना धन." जानरावानं ढवळीच्या पाठीवर हात ठेवला. "बापानं जलमभर साठवलं होतं माह्यासाठी. म्या चार वर्षांत खाऊन टाकलं, अन् जे उरलं होतं ते काल खणून काढलं."