पिवळ्या ड्रमचं कूळ

"व्हर्जिनियाहून. पिठाच्या पोत्यात घालून. घोड्यावरून." होबार्ट गंटरनं कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचला आणि मांडीवर ठेवला. "अक्षर चांगलं आहे तुझं."

व्हर्नेल स्टॅम्परला एवढं कौतुकही पुष्कळ होतं. तीस वर्षं तिनं लॉरेल फोर्कच्या खोऱ्यात टपाल वाटलं. पेट्यांपर्यंत हात पोचावा म्हणून चालकाची जागा सोडून उजव्या बाजूला बसून डाव्या पायानं गाडी हाकत, आठवड्याचे सहा दिवस ती ह्याच फाटकाशी थांबली होती आणि तीस वर्षांत हा माणूस तिच्याशी पाऊसपाण्यापलीकडे एक अक्षर बोलला नव्हता. तो अबोलच आहे, असं तिनं धरून ठेवलं होतं. दुकानात मात्र तो लोकांना हसवून हसवून बेजार करतो, असं ती ऐकून होती. पण तिकडे तिनं कधी लक्ष दिलं नाही.

आज त्यानं स्वतः खुर्ची पुढे ओढून दिली होती. समोर पत्र्यावर सफरचंदाच्या फोडी वाळत होत्या आणि त्यांच्यावर मधमाश्या सुस्तावल्यासारख्या फिरत होत्या. ऑक्टोबरचं ऊन असं होतं, की पलीकडची डोंगरसोंड आहे की नाही असा प्रश्न पडावा. सगळं पिवळं, धुरकट, लांबचं. व्हर्नेलची कुत्री टॅन्सी ओसरीखाली पाय ताणून झोपली होती आणि झोपेतच कशाच्या तरी मागे धावत होती.

टॅन्सी पिवळी, जन्मतःच आखूड शेपटीची, सहा वर्षांची. शहरातले लोक असल्या कुत्र्यांना गावठी म्हणून हसतात. डोंगरात त्यांना कर म्हणतात आणि त्यांच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. खार झाडावर चढवायची, डुकरं वळवून आणायची, दारावर परका माणूस आला तर नुसतं उभं राहायचं, ही त्यांची कामं. कागदपत्रं कधी कुणी केली नाहीत. कुत्रं विकायची रीतच नव्हती. चांगलं पिल्लू शेजाऱ्याला द्यायचं, बस्स.

व्हर्नेलला ह्या कुत्र्यांची कुळं शोधायचा नाद लागला तो टपालाच्या फेरीतच. एखादं कुत्रं गाडीमागे धावत आलं, की ती विचारायची, हे कुणाकडून आणलं? त्याची आई कोण? मग घरी जाऊन वहीत उतरवून ठेवायची. पुरुषांना विचारून उपयोग नसतो, हे तिला लवकर कळलं. पुरुष कुत्र्याचे पराक्रम सांगत बसतात. बायकांना मात्र पिल्लू कोण घेऊन आलं, टोपीतून आणलं की चरबीच्या डब्यातून, सगळं आठवतं. सालही चुकत नाही, कारण ते बाळंतपणाला बांधलेलं असतं. "आमची रूबी रांगत होती बघ तेव्हा," असं एखादी म्हणाली, की व्हर्नेल निर्धास्तपणे साल लिहायची.

अशा दोनशे बारा कुत्र्यांचे तक्ते तिच्याकडे झाले होते. दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला, की ती सगळी तिच्या डोळ्यांपुढून जायची. कधीच मरून गेलेली, वाळक्या पानांवरून आवाज न करता, एकामागून एक. सगळ्यांच्या पुढे ड्रम, तिच्या बापाचा, क्लेम स्टॅम्परचा कुत्रा. पिल्लू असताना त्याला व्हर्जिनियाहून पिठाच्या पोत्यात घालून घोड्यावरून आणला, असं बाप सांगायचा. तिथून पुढची सारी प्रजा 'स्टॅम्पर पिवळी' म्हणून ओळखली जायची, तीन परगण्यांत.

क्लेमच्या नावावर दुसरं काही नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या करवतीच्या कारखान्यात त्यानं लाकडं ओढली. घर भाड्याचं होतं, आता तेही पडलं. मुलगा नव्हता. व्हर्नेलनं लग्न केलं नाही. बापाचं नाव जगात कुठं उरलं असेल तर ते ह्या कुत्र्यांत, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि तिचा सगळा खटाटोप खरं म्हणजे त्याचसाठी होता.

आता ह्या कुत्र्यांचा एक संघ झाला होता. त्यानं चौऱ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत जुनी कुळं नोंदवून घ्यायचं ठरवलं होतं. मग वही बंद. ज्याचं कूळ नोंदलं नाही, त्याची पिल्लं पुढे नुसती पिवळी कुत्री. अट एवढीच, की मूळ कुत्र्याला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या दोघांनी सही करायची. ड्रमला ओळखणारी दोनच माणसं जिवंत होती. एक व्हर्नेल स्वतः, वय सहासष्ट. दुसरा डोंगरसोंडेच्या अलीकडे राहणारा, पाच वर्षांनी मोठा होबार्ट गंटर; तोही ड्रमला ओळखत होता, असं दुकानातून तिच्या कानावर आलं होतं. टॅन्सीची चार पिल्लं घरी स्वयंपाकघरात लोळत होती. म्हणून ती ड्रमचा अर्ज लिहून घेऊन आली होती.

होबार्टनं पेन मागितलं. ते हातात घेतल्यावर मात्र सही करायची सोडून तो विचारू लागला. ड्रमची पिल्लं पहिल्या दहा वर्षांत कुणाकुणाला गेली, सांगशील?

व्हर्नेलला ते झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं. तिनं भराभर नावं घेतली. सगळी ऑटर क्रीककडची, सोंडेच्या पलीकडची.

"आणि अलीकडे?"

"अलीकडे एकही नाही."

"कधी खटकलं नाही तुला?"

खटकलं होतं. तिनं पिल्लांची घरं एका नकाशावर टाचण्या लावून पाहिली होती. सगळ्या टाचण्या पूर्वेला होत्या, पश्चिमेची बाजू अगदी कोरी. कुंपणावरून काही वाकडं आलं असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. आपल्या डोंगरात कुंपणावरून तीन पिढ्या न बोलणारी घरं काय कमी आहेत! ती तसं म्हणाली.

होबार्टनं चाकू उचलून नवं सफरचंद सोलायला घेतलं.

"ड्रम आमच्या अर्लीचा होता," तो म्हणाला.

मग त्यानं हळूहळू सगळं सांगितलं, आवाज न चढवता, दुसऱ्याच कुणाच्या घरातलं सांगावं तसं. अर्ली त्याचा थोरला भाऊ. सतरा साली त्यानं पायऱ्यांखाली सापडलेलं एक पिवळं पिल्लू वाढवलं. त्याची आई कोण, बाप कोण, देव जाणे. अठरा साली अर्लीला लष्करात बोलावणं आलं. होबार्ट पंधरा वर्षांचा, पायानं अधू. कुत्र्याला रानात नेणारं घरात कुणी नव्हतं आणि रानात न गेलेला कर वाया जातो. म्हणून अर्लीनं कुत्रा क्लेम स्टॅम्परकडे ठेवायला दिला. परत आलो की नेईन, म्हणाला. अर्लीनं समुद्रसुद्धा ओलांडला नाही. छावणीतच तापानं गेला. महिन्याभरानं आई, म्हणजे ओव्हा गंटर, सोंड चढून क्लेमकडे कुत्रा मागायला गेली. क्लेमनं टोपी काढून सांगितलं, ड्रमला साप चावला, पुरला मी त्याला.

ओव्हा आली होती तो दिवस व्हर्नेलला आठवेना. पण ड्रमला चर्चच्या जेवणाला कधीच नेत नसत, हे आठवलं. दुकानावरही नाही. तो परक्यांना चावतो, असं बाबा सांगायचे. तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपणारं ते कुत्रं जन्मात कुणाला चावलं नव्हतं.

"तुझ्या बापानं त्याला डोळ्यांपासून लपवला," होबार्ट म्हणाला. "कानांपासून लपवायचं राहून गेलं."

हे समजायला तिला वेळ लागला नाही. कर माग काढताना मुका असतो. म्हणूनच क्लेमला वाटलं असेल, की हा काही आपल्याला उघडं पाडणार नाही. पण खार झाडावर चढली, की बुंध्याशी उभा राहून तो बोलतो आणि दोन खोऱ्यांपर्यंत ऐकू जातं. डोंगरातला माणूस आपल्या कुत्र्याचा आवाज लेकराच्या रडण्यासारखा ओळखतो. इतका तरबेज शिकारी तिचा बाप, पण लोभापायी तेवढंच विसरला.

"एकोणीसच्या ऑक्टोबरात आम्ही इथंच बसलो होतो. असलंच ऊन होतं. तिकडून आवाज आला. तीन तोडून, मग एक लांब. आईच्या हातातली वाटाण्याची टोपली खाली पडली. मी उठलो, म्हटलं बंदूक घेतो आणि घेऊन येतो त्याला. तर म्हणाली, बस खाली."

"का?"

"म्हणाली, इथं आणशील आणि दारात बांधून ठेवशील. तुझा पाय हा असा, त्याला रानात कोण नेणार? तिकडे आहे तर कुणीतरी त्याला हाक मारतंय. मला वाटतं अर्लीच फिरतोय." होबार्टनं फोड पत्र्यावर ठेवली. "दर वर्षी पानं पिवळी पडली, की ती इथं येऊन बसायची. काम नाही, बोलणं नाही. आम्हाला वाटायचं, म्हातारी झोपली. आवाज आला की नुसती मान हलवायची."

किती वर्षं, ते व्हर्नेलनं विचारलं नाही. ड्रम तेहतीसच्या उन्हाळ्यात गेला, हे तिच्याच वहीत होतं. क्लेम त्या रात्री जेवला नव्हता.

"तेहतीस साली काही ऐकू आलं नाही. पानं झडून गेली तरी ती बसलीच होती. मग एक दिवस आत आली आणि म्हणाली, गेला. अर्लीची तार आली तेव्हा ती रडली नव्हती, व्हर्नेल. त्या दिवशी रडली."

तीस वर्षांत त्यानं तिला नावानं हाक मारली ती ही पहिलीच. फाटकाशी उभं राहून बोलण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच, हे आता तिच्या ध्यानात आलं.

होबार्टनं हात विजारीला पुसले, कागद पुढे ओढला आणि एका दमात सही करून टाकली. व्हर्जिनिया, पिठाचं पोतं, घोडा, सगळ्याच्या खाली.

हे खोटं आहे ना, मग सही कशाला, असं तिनं कसंबसं विचारलं.

"आईनं चौदा वर्षं तोंड उघडलं नाही. मी आता तिच्यापेक्षा शहाणा होऊ? तुला सांगायचं होतं, सांगितलं. कागदाला काही सांगायचं नव्हतं. जा, टाक टपालात. पिल्लांचं भलं होऊ दे."

कागद तिच्यापुढे होता. तिची एक सही झाली, की काम झालं. बापाचं नाव छापून येईल आणि ती मेल्यावरही राहील. तिला बापाची लाज वाटली आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली. एका कुत्र्यावर इतका जीव जडला, की त्यानं मुलगा गमावलेल्या बाईच्या तोंडावर खोटं सांगितलं आणि मग आयुष्यभर त्या कुत्र्याला घेऊन चार लोकांत मिरवायची चोरी झाली. बाबांचा हात तिला आठवला, ड्रमच्या मानेत खुपसलेला. त्या हाताइतकं मायेचं तिनं दुसरं काही पाहिलं नव्हतं. आणि ओसरीची ही फळी, जिच्यावर ओव्हा बसायची, ती तिच्या पायाखालीच होती.

टपालातल्या माणसाला सवय असते, कोऱ्या अर्जाची एक जादा प्रत जवळ ठेवायची. तिनं पिशवीतून ती काढली. पहिला कागद दोनदा फाडून सालींच्या टोपलीत टाकला आणि लिहायला लागली. मूळ नर, ड्रम. पिवळा, आखूड शेपूट, छातीवर पांढरं. आईबाप अज्ञात, पायऱ्यांखाली सापडला. मालक, अर्ली गंटर. कुळाचं नाव लिहिताना तिचं पेन थांबलं. मग तिनं 'गंटर पिवळी' असं लिहिलं आणि शेऱ्याच्या जागी आणखी एक ओळ घातली, क्लेम स्टॅम्पर यांच्याकडे ठेवायला दिलेला, त्यांनी परत केला नाही.

होबार्टनं ते दोनदा वाचलं. "शेवटची ओळ नसती तरी चाललं असतं."

"नसतं चाललं."

मघाशी त्यानं सही झटक्यात केली होती. आता हात जड झाला. साक्षीदारांच्या दोन रेघा होत्या. पहिलीवर त्यानं आपलं नाव लिहिलं. दुसरी व्हर्नेलची. पण त्यानं कागदावरून पेन उचललंच नाही. लहान मुलासारखं एकेक अक्षर काढत तो लिहीत गेला आणि कागद तिच्याकडे सरकवला. दुसऱ्या रेघेवर होतं, ओव्हा गंटर. आवाजावरून ओळखला.

संघाच्या नियमात हे बसणारं नव्हतं. एका तिकिटासाठी व्हर्नेलनं जन्मभर लोकांची पत्रं परत पाठवली होती. हा अर्ज परत येईल, महिना संपेल, वही बंद होईल, हे तिला लख्ख दिसत होतं. होबार्ट तिच्या तोंडाकडे पाहत होता. चुकलं का, असं त्यानं विचारलं नाही, पण त्याला तेच विचारायचं होतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

आणि ओव्हाच्या नावाखाली जी कोरी कड उरली होती, तिथं तिनं बारीक अक्षरांत लिहिलं, व्हर्नेल स्टॅम्पर, क्लेमची मुलगी. शाई वाळेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिली.