ताईची नडगी

आदल्या वर्षी आमचा कॉलेजचा बास्केटबॉल संघ अकरापैकी नऊ सामने हरला होता. दहाव्याला समोरचा संघ आलाच नाही, आणि अकरावा जिंकलो तो ताईमुळे. ताई म्हणजे आमची कॅप्टन. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण कॅन्टीनच्या मावशीसुद्धा तिला ताईच म्हणायच्या. हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत राहायचो. मला सगळ्या टाचणी म्हणत. अंगाने बारीक, आणि कुठेही घुसते म्हणून.

पुढच्या वर्षी प्रशिक्षक म्हणून नव्या मॅडम आल्या. आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागे. पहिल्याच दिवशी त्यांनी बॉल ठेवायच्या खोलीत वजनकाटा मांडला.

"तुम्ही जड आहात, म्हणून बॉलपाशी उशिरा पोचता," त्या म्हणाल्या. "यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. कमी करू."

रोज सकाळी अनवाणी रांग लागायची. आकडा दाराच्या आतल्या बाजूला लावलेल्या कागदावर जायचा. सुरुवातीला आम्हाला हसू यायचं. एकीने तर वजन कमी भरावं म्हणून कंबरेपर्यंतचे केस कापून घेतले. पण आकडा वाढला की मॅडम रागवत नसत. नुसतं बघत, आणि त्या दिवशी त्या मुलीशी एक शब्दही बोलत नसत. ते बघणं चुकवण्यासाठी आम्ही काय काय केलं, ते आम्हालाच ठाऊक.

आणि आम्ही जिंकायला लागलो. एक, दोन, ओळीने पाच. कॉलेजात ज्यांना आमचं नावही माहीत नव्हतं, ते वाट सोडून उभे राहायला लागले.

मावशी ताटात भात वाढायला गेल्या की आम्ही एकदमच हात आडवा धरायचो. "अगं, चिमणीसुद्धा याहून जास्त खाते," त्या म्हणायच्या. ताई हसून अर्धं केळं माझ्याकडे सरकवायची. मी ते तिच्याकडे परत सरकवायचे. शेवटी ते तसंच काळं पडायचं.

एकेकीची पाळी बंद झाली. "बरंच झालं, कटकट गेली," असं आम्हीच एकमेकींना सांगितलं.

सहाव्या सामन्यानंतर ताई बुटाची नाडी बांधताना नडगीवर अंगठा दाबून बसायला लागली. पायऱ्या उतरताना कठडा धरायची. "मुरगळलाय जरासा," म्हणाली. मग एका सकाळी पाय जमिनीला टेकताच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मी डॉक्टरांना सांगते," मी म्हटलं.

"माझी शपथ आहे तुला. चारच सामने राहिलेत."

ताईची आई शिवणकाम करायची. तिने मला वेगळा फोन केला. "मागच्या खेपेला तिचे कपडे दोनदा आत घेतले गं. मापच लागत नाही. ती जेवते ना?"

मॅडम आदल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, "तुमची दोघींची जोडी आहे. ती बसली तर तुलाही बसावं लागेल." मैदानात उतरणाऱ्या पाचजणींत मी पहिल्यांदाच आले होते.

"हो काकू, चांगली जेवते," मी म्हटलं. आणि घाईने फोन ठेवला.

उपांत्य सामन्यात चार मिनिटं उरली होती. ताईने रिबाउंड घेतला, खाली आली आणि पडली. तिला कुणाचा धक्का लागला नव्हता. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज मात्र मी ऐकला. बॉल घरंगळत माझ्या पायाशी आला. मॅडमनी बसल्या जागेवरून हात वर करून दुसरी मुलगी मागवली. आणि सांगायला लाज वाटते, ताईला स्ट्रेचरवरून नेल्यावर मी सहा गुण केले. आम्ही जिंकलो.

हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरला. "विशीतल्या मुलीचं हाड असं नसतं. पाळी शेवटची कधी आली होती?"

"आठवत नाही," ताई म्हणाली.

काकू स्टुलावर बसल्या होत्या. इतके दिवस मी मूग गिळून बसले होते. आता तोंडातून आपोआप निघालं, "सात महिने झाले." मग सगळंच सांगितलं: काटा, कागद, केळं, शपथ. ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं."

चौकशी होईपर्यंत प्राचार्यांनी मॅडमना घरी बसवलं. दुसऱ्या सकाळी मी सरावाच्या हॉलवर गेले, तर बॉलच्या खोलीबाहेर रांग. अनवाणी, नेहमीच्या क्रमाने, कुणी न सांगता.

"मॅडम नाहीयेत," मी म्हटलं.

"माहितीये," पुढची म्हणाली. "रांगेत ये."

मी काटा उचलायला गेले तर तिने माझं मनगट धरलं. डोळे भरलेले. "नेऊ नकोस ना. मग मला कळणार कसं, मी ठीक आहे की नाही?"

मी मनगट सोडवून घेतलं. काटा उचलून मावशींच्या स्वयंपाकघरात नेऊन टाकला. त्या दिवसापासून अर्ध्या संघाने मला पाण्यात पाहिलं. अंतिम सामना आम्ही चौदा गुणांनी हरलो. उत्तरार्धात दोघी चक्कर येऊन खाली बसल्या.

चौकशी पुरी व्हायच्या आतच मॅडमनी राजीनामा दिला. चार महिन्यांनी कळलं की तीन तासांवरच्या एका मोठ्या कॉलेजने त्यांना घेतलंय, आणि तो संघ एकही सामना हरलेला नाही. तिथल्या प्राचार्यांना मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तिथल्या कॅप्टनचा नंबर मिळवून फोन केला. "तुम्ही हरलात म्हणून जळताय," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी ताईच्या घरी गेले. तोवर ती माझ्याशी बोलत नव्हती. काकूंच्या मशीनशेजारी बसून बटणं लावत होती. मी ऐकलेलं सगळं सांगितलं. तिने दोरा दाताने तोडला.

"सकाळची बस कितीची आहे?"

"पाच चाळीस. पण तुझा पाय..."

"पाय माझा आहे."

आम्ही गेलो. हॉलचं दार आतून बंद होतं. बुटांचा आवाज येत होता. आम्हाला कुणी आत घेतलं नाही. ताई काठी आडवी ठेवून पायरीवर बसली. सराव सुटल्यावर मुली बाहेर आल्या, खांद्यांची हाडं टोचतील अशा. बहुतेक जणी बाजूने निघून गेल्या. त्यांची कॅप्टन तर आमच्याकडे बघायलाही तयार नव्हती.

सगळ्यात मागून आलेल्या एका उंच मुलीची नजर ताईच्या पायावरच्या ऑपरेशनच्या व्रणाकडे गेली.

"दुखायचं कुठे आधी?" तिने हळूच विचारलं.

ताईने बोट ठेवून दाखवलं. मुलीने मागे दाराकडे पाहिलं, आणि मग सावकाश, कठडा धरून, आमच्या शेजारी बसली.