समुद्राकडे निघालेली वाम

मित्रांनो, किंचाळू नका! मी साप नाही. मी एक म्हातारी वाम आहे. लांबलचक आहे, बुळबुळीत आहे, पण मासाच आहे.

माझा जन्म समुद्रातला. पंधरा वर्षांपूर्वी, बोटभर असताना, मी खाडीतून वरोळी नदीत शिरले. खाडीत तिवरांच्या चिखलावर निवटे मासे उड्या मारत होते आणि चिंबोऱ्या नांग्या उगारत होत्या. मी घाबरून पुढे पळाले. सपाटीवर पाणी संथ, गढूळ आणि गजबजलेलं. शिंपले, कोळंबी, शिंगटी, मरळ, सगळ्यांची दाटी! एका मरळीने तर मला गिळायचंच बाकी ठेवलं होतं. उधवा गावाच्या वर डोंगर लागला तसं पाणी थंड आणि खळाळतं झालं. तिथे शेजारी मोजकेच. दगडाला चिकटून राहणारे चिमुकले मासे, कपारीत खेकडे आणि दगडाखाली किड्यांच्या अळ्या. काय चव असते हो त्या अळ्यांना! तिथल्याच एका डोहात मी घर केलं.

यंदा माझं पोट चंदेरी झालं. असं झालं की आम्ही समुद्रात जाऊन अंडी घालतो, आयुष्यात एकदाच. मी निघाले. पण पाऊस लवकर ओसरला होता आणि नदीवरच्या बंधाऱ्याला पाणी अडवायच्या फळ्या लागल्या होत्या. दोन दिवस मी भिंतीला डोकं घासत फिरले. तिसऱ्या सकाळी लाडकीच्या हाती सापडले. लाडकी आणि तिचा नवरा लक्ष्या जवळच्या पाड्यावरचे, हाताने मासे धरण्यात पटाईत.

"दोन दिस पुरंल!" लक्ष्या खूश झाला.

लाडकीने माझं पोट निरखलं. "नाय रं. आय सांगायची, अशी पांढऱ्या पोटाची अंडी घालाया खाली जाते. हिला नाय मारायची."

"मंग मी काय खाऊ?"

"भाजी खा. हंडा आण."

आणि मित्रांनो, मी लाडकीच्या डोक्यावरच्या हंड्यातून बंधारा ओलांडला! लक्ष्या वाटभर कुरकुरत होता. पण मी उडी मारू नये म्हणून हंड्याच्या तोंडावर हात त्यानेच धरला होता. त्या दोघांवर माझा फार जीव जडला.

आता मी खाडीशी पोहोचले आहे. पाणी खारट लागतंय. अंडी घातल्यावर मी मरेन, त्याचं मला दुःख नाही. काळजी वाटते ती पिल्लांची. बोटभर पिल्लं चढत येतील आणि त्या उंच भिंतीशी अडतील. भिंतीच्या कडेला थोडे खडबडीत दगड रचा, त्यांवरून पाणी झिरपू द्या. ओल्या दगडांवरून ती सरपटत वर जातील.

वाट दाखवायला मी नसेन. तुम्ही असाल ना?