आतून मोजलेली भिंत

भिमाजींनी भिंत आतून मोजली होती. पारनेरच्या त्या उतारावर घरामागची जागा सपाट करायला त्यांनी ट्रॉल्याच्या ट्रॉल्या मुरूम टाकला आणि त्या भरावावर उभं राहून टेप लावला. पाच फूट. नियमात बसते, म्हणाले. पलीकडच्या बोळात उतरून त्यांनी ती कधी पाहिलीच नाही. बोळ छबूबाईच्या दारातला, आणि या चुलत भावजयीच्या दारात पाऊल टाकायचं नाही, हे त्यांनी वाटणीच्या वेळीच ठरवलं होतं.

नगरपंचायतीचा अभियंता मात्र बोळातच उभा राहिला. सोबत भिमाजींची मुलगी, रोहिणी.

"रस्त्यापासून मोजायची असते, ताई. इकडून साडेनऊ फूट भरतेय. भरीव बांधकाम दीड मीटर, म्हणजे पाच फुटांपर्यंतच, त्यावर जाळी चालते. माती अडवायची तर त्याची परवानगी वेगळी. पाणी निघायला एक भोकसुद्धा ठेवलेलं नाही. पोट बघा कसं आलंय."

भिंत खरंच बोळाकडे फुगली होती.

"आणि भराव?"

"तोही काढावा लागेल. भिंत उतरवल्यावर तो थांबेल कशावर?"

रोहिणीची नजर भिंतीच्या माथ्याकडे गेली. गेल्या श्रावणात वडील गेले तेव्हा राख नदीत न सोडता घरच्याच मातीत पुरून त्यावर झाड लावायचं ठरलं. गावात आता बरेच जण तसंच करतात. खणायला सगळ्यात मऊ जागा भिंतीलगतची होती. तिथलं आंब्याचं रोप आता गुडघ्याएवढं झालं होतं.

छबूबाई भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "अर्ज म्याच दिला. भाऊजी असताना दिला असता तर म्हनले असते, भावजयीच्या पोटात दुखतंय. आता तू म्हनशील, म्हातारी टपलीच हुती. मंग द्यायचा कवा, सांग."

"आधी दार तरी वाजवायचं, काकू."

"तुझ्या बापानं इकडं दार कुटं ठेवलंय? भितच हाय नुसती." तिने तांब्या विसळला. "पावसाची सर आली की मी ह्या भिताडाकडं बघत बघत भांडी घासते, पोरी."

रोहिणीने भिंतीला तळहात लावला. ऊन तापलेलं असूनही ती ओलसर लागली.

"उद्यापासून काढायला घ्या," ती अभियंत्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने रोप मुळांच्या गोळ्यासकट उचलून बाजूला ठेवलं. मग त्या जागेची माती घमेल्यात भरू लागली. एक घमेलं झालं, दुसरं झालं. पावसाळ्यात राख मुरमात कुठवर उतरली होती, ते कळायला मार्ग नव्हता. सगळीकडे एकच तांबूस रंग. ती बोटांनी चाळत राहिली. गडी फावडं टेकवून वाट पाहत उभा होता.

"ताई," तो शेवटी हलक्या आवाजात म्हणाला, "असं करत बसलं तर सगळाच मुरूम ठेवावा लागंल."

ती उठली. पदराला हात पुसले.

"हा कुठे जाणार?"

"ज्याला भराव लागंल त्याच्याकडं."

"भरा," ती म्हणाली, आणि ट्रॉलीला वाट द्यायला बाजूला सरकली.